परमुलखातले एक वर्ष

दूरदेशीचा एखादा माणूस घरदार सोडतो, समुद्र ओलांडतो आणि ज्यांची भाषा त्याला येत नाही, ज्यांच्या गावाचे नावही त्याने कधी ऐकलेले नाही, अशा गोरगरिबांत येऊन वर्षभर राहतो. मुलांना शिकवतो, आजाऱ्याला औषध देतो, भुकेल्याला घास देतो. वर्ष सरले की आपल्या देशी परत जातो. अशा एका वर्षाने त्या गरीब कुटुंबांच्या पदरात नेमके काय पडते? आज मला आपल्याशी एवढ्याच एका प्रश्नावर बोलायचे आहे.

आपण म्हणाल, हा प्रश्न आम्हां कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्यांना आणि शाळामास्तरांना कशाला? त्याला कारण आहे. आपल्या वाड्या-पाड्यांवर हल्ली पाहुणे पुष्कळ येतात. कोणी परदेशी तरुण असतो, कोणी मुंबईच्या कंपनीचे लोक असतात, कोणी आमच्या कॉलेजांतली शिबिरार्थी मुले असतात. ते येतात, फोटो काढतात, वह्या-पुस्तके वाटतात आणि जातात. त्यांच्या मनात वाईट काही नसते. पण ते गेल्यावर वाडीत काय उरले, हे विचारण्याचा हक्क वाडीला आहे. तो हक्क कसा बजावावा, याचा धडा आपल्याला इतिहासात मिळतो. आणि हा इतिहास तसा आपल्या दारावरूनच गेलेला आहे.

मुंबईहून देशावर जाण्याचा जुना, रुळलेला मार्ग आपल्याला माहीत आहे. मुंबईहून होडीने पनवेल, तेथून चौक, खालापूर, खोपोली आणि मग बोरघाट. १८३० साली या घाटातून गाडीरस्ता झाला. आगगाडी कर्जतवरून घाट चढून वर गेली ती १८६३ साली. तोपर्यंत पुण्या-नगराकडे जाणारे सरकारी अंमलदार, व्यापारी, लष्करी पलटणी आणि पाद्री यांची नेहमीची वाट हीच. अमेरिकेहून आणि स्कॉटलंडहून आलेले कितीतरी ख्रिस्ती मिशनरी या वाटेने देशावर गेले आणि पुढे आयुष्यभर गोरगरिबांत राहिले. आपण ज्याला परदेश म्हणतो तो अमेरिका देश. पण त्या माणसांच्या लेखी परदेश म्हणजे आपलाच महाराष्ट्र, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढच्या गोष्टी नीट कळतील.

पहिली गोष्ट १८१३ सालची. त्या वर्षी ११ फेब्रुवारीला गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन तरुण मुंबई बंदरात उतरले. अमेरिकेचा किनारा त्यांनी आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत सोडला होता. म्हणजे नुसते येऊन पोचायलाच वर्ष गेले. आधी ते कलकत्त्यास गेले, तेथून कंपनी सरकारने त्यांना निघून जाण्याचा हुकूम केला. इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात तेव्हा लढाई जुंपलेली होती, त्यामुळे अमेरिकन माणूस म्हटला की संशय. शिवाय पाद्र्यांमुळे रयत बिथरेल आणि राज्यकारभाराला धक्का बसेल, ही कंपनीची भीती होतीच. मुंबईतही तोच हुकूम निघाला. त्यांचा एक सोबती सॅम्युएल न्यूएल याची हकीकत तर याहून कष्टाची. त्याची पत्नी हॅरिएट अवघी १९ वर्षांची. प्रवासात तिचे तान्हे मूल गेले आणि १८१२च्या नोव्हेंबरात मॉरिशस बेटावर तीही गेली. न्यूएल पुढे १८१४ साली एकटाच मुंबईला आला.

आता या लोकांच्या पहिल्या वर्षाचा हिशेब मांडून पाहा. शाळा नाही, दवाखाना नाही, छापखाना नाही. राहण्याची परवानगी मिळावी म्हणून सरकारकडे अर्जविनंत्या करावयाच्या आणि उरलेल्या वेळात मराठी शिकावयाची, एवढेच काम. मराठी शिकण्याची साधने तरी काय होती? मोल्सवर्थचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश तेव्हा निघालेला नव्हता. तो १८३१ सालचा. माणसे बोलतील ते ऐकावयाचे, विचारावयाचे, चुकावयाचे आणि पुन्हा विचारावयाचे. आजच्या भाषेत सांगायचे तर या वर्षाचा अहवाल कोरा होता. त्या वर्षी त्यांनी मुंबईच्या गरिबांना काही दिले नाही. उलट त्यांच्याकडून घेतले. भाषा घेतली.

पण त्या घेण्यावरच पुढचे सारे उभे राहिले. १८१५ साली या मिशनने मुंबईत मुलांसाठी पहिली शाळा काढली. त्यानंतर छापखाना आला, मराठी पुस्तके निघू लागली. १८२४ साली मुलींची शाळा निघाली. हॉलने निघण्यापूर्वी थोडे वैद्यक शिकून घेतले होते. १८२५ साली त्याची पत्नी दोन लहान मुलांना घेऊन अमेरिकेस निघाली, वाटेत एक मुलगा दगावला. हॉल मागे मुंबईतच राहिला. १८२६च्या मार्चमध्ये तो नाशिककडे गेला असता तेथे पटकीची साथ चालू होती. जवळ होती तेवढी औषधे त्याने रोग्यांना वाटली. परतीच्या वाटेवर त्यालाच पटकीने गाठले. एका खेड्यातल्या देवळाच्या ओसरीवर, २० मार्च १८२६ रोजी, त्याने प्राण सोडला. वय ४१. बरोबरच्या तरुणांनी त्याला तेथेच मूठमाती दिली.

शिक्षक बंधूंनो, यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. परक्या धर्माचा, परक्या देशाचा माणूस, आणि त्याला अखेरचा आसरा मिळाला तो हिंदूंच्या देवळाच्या ओसरीचा. मदत एका हाताने दिली जाते आणि दुसऱ्या हाताने घेतली जाते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंचे हात देतात आणि घेतात. हे ज्याला उमगले त्याची सेवा खरी.

दुसरी गोष्ट अहमदनगरची. १८३१च्या डिसेंबरात ॲलन ग्रेव्ह्ज, विल्यम हर्वे आणि हॉलिस रीड हे तिघे अमेरिकन नगरला जाऊन राहिले. त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचा एक मराठी ब्राह्मण होता; त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला होता. नगरात त्या वेळी आंधळे, पांगळे, म्हातारे अशा निराधार लोकांसाठी एक अनाथगृह होते. तेथल्या युरोपियन रहिवाशांच्या वर्गणीवर ते चाले. त्याची देखभाल या मंडळींकडे आली. अन्न-वस्त्र वर्गणीतून मिळे. पण त्या लोकांशी रोज उठून बोलावयाचे कोणी? परक्यांची मराठी अजून अडखळत होती. ते काम बाबाजीने केले.

आणि आता ऐका. विल्यम हर्वे मुंबईत आला १८३१च्या मार्चमध्ये. दोनच महिन्यांत त्याची पत्नी वारली. डिसेंबरात तो नगरला गेला आणि १८३२च्या मेमध्ये पटकीने त्याचाही अंत झाला. या देशात येऊन त्याला पुरते सव्वा वर्षही झाले नव्हते. म्हणजे ‘परमुलखातले एक वर्ष’ म्हणतात ते हर्वेच्या वाट्याला अगदी अक्षरशः आले. पुढच्या वर्षी बाबाजीही पटकीनेच गेला.

मग हर्वेचे ते एक वर्ष वाया गेले काय? त्याने एकट्याने काही उभारावयाचे ठरवले असते तर ते त्याच्याबरोबरच बुडाले असते. पण तो एका रांगेतला माणूस होता. त्याच्या आधी आलेल्यांनी भाषेची वाट मोकळी केली होती आणि त्याच्यामागून आलेल्यांनी ते काम हाती घेतले. नगर हे पुढे या मिशनचे मोठे ठाणे झाले. १८४२ साली तेथूनच ‘ज्ञानोदय’ पत्र निघाले. एका वर्षाचे मोल त्या वर्षात किती काम झाले यावर ठरत नाही. त्याच्या आधी कोण होते आणि नंतर कोण येणार आहे, यावर ते ठरते. शेतकऱ्याला हे सांगावयास नको. बांध एका पावसाळ्यात होत नाही; बाप घालतो, मुलगा चढवतो, नातू त्यावर भात लावतो.

तिसरी गोष्ट एका स्त्रीची आहे. सिंथिया फरार हिचे नाव आपल्यापैकी पुष्कळ शिक्षकांनी ऐकले असेल. १८२७ साली ती अमेरिकेहून मुंबईस आली. लग्न न झालेल्या एकट्या स्त्रीने असे परमुलखात जाणे ही त्या काळी तिच्या देशातही नवलाची गोष्ट होती. मुंबईत तिने मुलींच्या शाळा सांभाळल्या. प्रकृतीसाठी मध्ये एकदा मायदेशी जाऊन ती १८३९ साली परत आली, ती नगरला. तेथेच १८६२ साली तिने देह ठेवला. पस्तीस वर्षांची सेवा म्हटली तरी चालेल.

तिच्या नगरच्या मुलींच्या शाळा पाहण्यास पुण्याहून एक तरुण गेला होता. त्याचे नाव जोतीराव फुले. त्या शाळा पाहून त्यांच्या मनाने घेतले की आपल्या मुलींसाठी आपणच अशी शाळा काढली पाहिजे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात ती निघाली. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे शिक्षिकेचे शिक्षण घेतले, असे सांगतात. म्हणजे परदेशी बाईने लावलेला दिवा पाहून एका देशी माणसाने आपल्या घरातली वात पेटवली. फरारबाईंच्या शाळांत शिकलेल्या बहुतेक मुलींची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. पण भिडेवाड्यातल्या शाळेपासून निघालेली वाट तुमच्या-माझ्या गावातल्या मुलीच्या दप्तरापर्यंत आलेली आहे. बाहेरच्याने केलेले काम आतल्या माणसाने आपले म्हणून उचलले, त्या दिवशी ते काम रुजले.

चौथे उदाहरण मिरजेचे. विल्यम वॉन्लेस हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर १८८९ साली इकडे आला. सांगलीस त्याने लहानसा दवाखाना उघडला. १८९४ साली मिरजेस इस्पितळ झाले. ते इतके नावारूपाला आले की लांबलांबचे रोगी रेल्वेने मिरजेस जाऊ लागले. वॉन्लेस मोठा शस्त्रवैद्य होता, हे खरे. पण मला त्याची आठवण दुसऱ्याच गोष्टीसाठी करावीशी वाटते. इस्पितळ निघाल्यावर तीनच वर्षांत, १८९७ साली, त्याने तेथे वैद्यकीय शाळा सुरू केली आणि या देशातल्या मुलांना आपली विद्या देण्यास आरंभ केला. १९०० साली महारोग्यांसाठी आश्रम काढला. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. त्या ठिकाणाला आजही वानलेसवाडी म्हणतात. १९२८ साली तो निवृत्त होऊन परत गेला आणि १९३३ साली वारला. तो गेला म्हणून मिरजेत रोगी बरे व्हावयाचे थांबले नाहीत. वैद्यकाचे गाव ही मिरजेची ख्याती आजही आहे. आपण नसताना काम चालावे अशी तजवीज त्याने आपण असतानाच केली.

इथवर मी एक बाजू सांगितली. दुसरी सांगितली नाही तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. हे लोक केवळ अन्न आणि औषध देण्यास आलेले नव्हते. आपला धर्म येथे पसरावा हा त्यांचा उघड हेतू होता आणि त्यांनी तो कधी लपवला नाही. १८३३ साली नगरात जी पहिली ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली, तिच्यात त्या अनाथगृहातले निराधार लोक होते. ज्याच्या हातून भाकरी मिळते त्याचा धर्म घेणाऱ्या माणसाने तो मनापासून घेतला की पोटासाठी, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला आणि तो योग्यच होता. उलट, ज्याला गावात कोणी जवळ उभे करीत नव्हते त्या माणसाला प्रथमच कोणी पंगतीत बसवले असेल, तर त्याला तो धर्म आपला का वाटला, हेही आपण आपल्या मनाला विचारले पाहिजे. दोन्ही प्रश्न खरे आहेत. एकाने दुसरा खोडता येत नाही.

या वादात आपल्या जिल्ह्याचा एक माणूस फार पुढे होता. माणगाव तालुक्यातल्या शिरवली गावी १८२५ साली जन्मलेले विष्णू भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबुवा ब्रह्मचारी. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी मिशनऱ्यांशी उघड्यावर वाद घातले. ऐकायला मोठी गर्दी जमे. त्या वादात समोरच्या बाजूला जॉर्ज बोवेन नावाचा अमेरिकन होता. हा बोवेन १८४८ साली मुंबईस आला. मिशनचा पगार त्याने थोड्याच काळात सोडून दिला, गोरगरिबांच्या वस्तीत साध्या जागेत राहिला आणि १८८८ साली मरेपर्यंत एकदाही मायदेशी गेला नाही. गरिबाला उपदेश करावयाचा तर आपण साहेबाच्या बंगल्यात राहून चालणार नाही, अशी त्याची समजूत. विष्णुबुवांनी त्याची मते खोडून काढली. त्या वादांचे वृत्त बोवेनने स्वतः इंग्रजीत छापले. एकमेकांचे म्हणणे पटत नसताना एकमेकांचे म्हणणे ऐकून घेण्याची ही रीत! आज आपल्याला तिची आठवण ठेवण्याची गरज आहे.

आणि पंडिता रमाबाईंना विसरून कसे चालेल? रमाबाई स्वतः परमुलखात गेल्या. १८८३ साली इंग्लंडला, १८८६ साली अमेरिकेला. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी शारदासदन काढले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने आणि छळाने गांजलेल्या मुली त्यांनी आणल्या, आणि पुण्याजवळ केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. १९००च्या दुष्काळात तेथल्या मुली-बायकांची संख्या आणखी कितीतरी वाढली. तेथे सूत-विणकाम, शेती, छापखाना, स्वयंपाक अशी सगळी कामे मुली शिकत. या केडगावला अमेरिका आणि इतर देशांतून बायका मदतीला येत. पण व्यवस्था कोणाच्या हाती? रमाबाईंच्या. परदेशी पाहुणी कामाला आणि मराठी बाई चालवायला, असा हा उलटा संसार. त्यांच्या धर्मांतरावरून पुण्यात केवढे वादळ झाले ते आपण जाणता. पण कारभार कोणाच्या हाती असावा, याचे एवढे चांगले उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

आता या चार-पाच गोष्टींवरून मला जे सांगावयाचे आहे ते सांगतो. आपल्या वाडीवर कोणीही सेवेसाठी आला, एका आठवड्यासाठी आला किंवा एका वर्षासाठी आला, देशी असो की परदेशी, चर्चचा असो, मठाचा असो, कंपनीचा असो की आमच्या कॉलेजचा असो, तर त्याला चहा द्या, घोंगडी टाकून बसवा आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : तू आमची बोली शिकणार काय? दुसरा : काय करावयाचे हे कोण ठरवणार, तू की आम्ही? तिसरा : तू गेल्यावर हे काम कोण चालवणार, आणि त्याला तू आजपासून शिकवणार काय?

पहिल्या प्रश्नाला हॉलने उत्तर दिले, दुसऱ्याला रमाबाईंनी आणि तिसऱ्याला वॉन्लेसने. तिन्ही उत्तरे होकारार्थी असली तर एक वर्ष पुष्कळ झाले. एकही नसले तर दहा वर्षेही थोडीच.

हे मी हवेत बोलत नाही. १९ जुलै २०२३ची रात्र आपण कोणीच विसरणार नाही. खालापूर तालुक्यात चौकजवळ, इर्शाळगडाच्या पोटाशी असलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे मिळालीच नाहीत. वाडीवर गाडीरस्ता नव्हता. भर पावसात, चिखलात, जवान, गिर्यारोहक, शेजारच्या गावांतले तरुण पायी वर चढले. त्या दिवसांत सगळा महाराष्ट्र मदतीला धावला, आणि तो धावला याचा मला अभिमान आहे. पण श्रोते हो, आपत्तीच्या दिवशी सगळेच येतात. वाडीचे दारिद्र्य मात्र आपत्तीच्या दिवसापुरते नसते. ते साध्या, बिनबातमीच्या दिवसांत असते. त्या दिवसांत कोण येते?

आपल्या कातकरी वाड्यांचेच पाहा. दिवाळी झाली की माणसे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा घेतलेली उचल फेडायची असते. आईबाप निघाले की पोरेही निघतात. शाळेचे वर्ष जूनपासून एप्रिलपर्यंत. या पोराचे वर्ष जूनपासून दिवाळीपर्यंत. पाऊस तोंडावर आला की मंडळी परत येतात, तोवर पोर शिकलेले विसरलेले असते. मग आपण त्याला ‘मागे पडलेला’ म्हणतो. तो मागे पडलेला नाही. त्याला अर्धेच वर्ष मिळालेले आहे.

त्यातही पहिले महिने जातात भाषा समजण्यात. घरी कातकरी बोली, शाळेत पुस्तकी मराठी. मुंबईच्या जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८४३ साली वारली आणि कातकरी लोकांवर एक लेख छापला होता. कात काढणारे ते कातकरी किंवा काथोडी. एवढ्या वर्षांपूर्वी एका परक्याला त्यांची रीतभात टिपून घ्यावीशी वाटली. मग त्यांच्याच तालुक्यात नोकरी करणाऱ्या आपल्याला त्यांच्या बोलीतले शंभर शब्द येऊ नयेत काय? घाटावरून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून बदली होऊन वाडीच्या शाळेत आलेला शिक्षक हाही एका अर्थाने परमुलखातच आलेला असतो. समुद्र ओलांडला नाही, एवढाच काय तो फरक.

आणि आपल्या मातीतला दाखला हवा असेल तर भाई कोतवाल आहेतच. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १९१२ साली माथेरानला झाला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले, हे आपल्या शाळेतल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण बंदूक हाती घेण्यापूर्वी त्यांनी काय केले? कर्जतच्या खेड्यापाड्यांत शाळा काढल्या आणि धान्यकोठारे उभी केली. पावसाळ्यात गरीब शेतकऱ्याला, आदिवासीला खाण्यासाठी भात मिळावे, त्यासाठी सावकाराच्या दारात जावे लागू नये, हा त्या कोठारांचा हेतू. भूक नेमकी कोणत्या महिन्यात लागते हे त्यांना विचारावे लागले नाही; ते याच लोकांत वाढले होते. वीटभट्टीची उचल आजही त्याच महिन्यांत घेतली जाते. दुखणे तेच आहे, आणि औषध कोठे शोधावयाचे तेही कोतवालांनी दाखवून ठेवले आहे.

म्हणून माझी शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. वाडीवरच्या शाळेतले आपले पहिले वर्ष शिकवण्याइतकेच शिकण्यासाठी ठेवा. पोरांकडून झाडांची, माशांची, पाखरांची, नात्यांची नावे त्यांच्या बोलीत विचारून वहीत लिहून घ्या. आपले शब्द मास्तर लिहून घेतात हे पाहिले की पोर शाळेत टिकते, असा पुष्कळ शिक्षकांचा अनुभव आहे. दिवाळीपूर्वीच घरोघर जाऊन विचारा, कोण भट्टीवर जाणार, कोठे जाणार, आणि पोराला मागे आजी-आजोबांकडे ठेवता येईल काय. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देण्याची सरकारची सोय आहे. ते त्याच्या हाती द्या, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येईल. आणि वाडीतली एखादी सातवी-आठवी शिकलेली मुलगी हेरा. संध्याकाळी चार पोरांना घेऊन बसायला तिला शिकवा. आपली बदली झाली तरी ती मुलगी त्या वाडीत राहणार आहे.

शेतकरी बांधवांनाही सांगणे आहे. बाहेरून येणाऱ्याकडे हात पसरण्याचे कारण नाही आणि त्याला दारातून परतवण्याचेही नाही. त्याला आपले शेत दाखवा, आपले दुखणे दाखवा, आणि आपल्याला काय हवे ते आधी आपसांत बसून ठरवा. त्याचे बोलणे तपासून घ्या. त्याचा धर्म त्याच्यापाशी, आपला आपल्यापाशी. तो सोडा म्हणणाऱ्याशी विष्णुबुवांसारखे चारचौघांत, मोकळेपणाने बोला. पण रात्री आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसला असेल, तर तो कोणत्या देशाचा हे सकाळी विचारा.

गॉर्डन हॉलचे पहिले वर्ष नुसते ऐकण्यात गेले, हे मी मघाशी सांगितले. यंदाच्या जूनमध्ये आपल्या तालुक्यांत कितीतरी नवे शिक्षक नव्या वाड्यांवर जातील. एप्रिल सरता सरता त्यांनी त्या वहीत किती शब्द जमले ते मोजावे, आणि भट्टीवरून परतलेली किती पोरे पुन्हा शाळेच्या पायरीवर आली तेही मोजावे. माझ्या मते त्या वर्षाचा खरा हिशेब तोच.